सातव्या रकान्यातलं 'नाही'

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अशोककाका,

नमस्कार. आधी 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. एकवीस वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या पुतणीनं एकदम तीर्थरूप म्हणावं, हे माझं मलाच कसंतरी वाटलं. पत्ता नीलमआत्याकडून घेतला. ती आधी दहा प्रश्न विचारते आणि मग पत्ता देते, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही गडहिंग्लजला कॉलेजात बायोलॉजी शिकवता, गुडघे कुरकुरतात, बाकी तब्येत बरी, असं म्हणाली. 'अजून सुईला हात लावत नाही,' असंही म्हणाली.

मी इथं एका वैद्यकीय विद्यापीठात फार्माकॉलॉजीत एम.डी. करतेय, दुसरं वर्ष. बाबा लोकांना सांगतात, 'औषधांचं काहीतरी करतेय.' अकलूजच्या शेजारणींना वाटतं, मी मेडिकलचं दुकान काढणार. तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही, हा या पत्राचा पहिला फायदा.

आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. काचेच्या बरण्यांत सोनामुखीची पानं, सिंकोनाची साल, असलं काय काय, आणि बरण्यांवरची अक्षरं इतकी पुसट की ती वाचायला नागोजीराव लागतात. नागोजीराव आमचे टेक्निशियन, तंजावरकडचे मराठी. पहिल्या आठवड्यात मी फोनवर आत्याशी बोलत होते, तर मागून आवाज आला, "बाई, तुम्ही आमच्या भाषेंत बोलतां कीं." मी म्हटलं, तुमच्या नाही, आमच्या. ते भांडण अजून मिटलेलं नाही. पूर्वी इथं बेडकाच्या हृदयावर औषध टाकून त्याचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर उमटवत. आता संगणकात एक ससा असतो. त्याच्या डोळ्यात थेंब टाकला की बाहुली मोठी होते. विद्यार्थ्यांनी कितीही चुका केल्या तरी हा ससा मरत नाही, म्हणून नागोजीरावांना तो मुळीच आवडत नाही.

माझा जीव रमतो तो मात्र तळमजल्यावर. औषधानं कुणाला त्रास झाला, पुरळ उठलं, कावीळ झाली, कान वाजायला लागले, की वॉर्डातून आम्हाला फोन येतो. मी फॉर्म घेऊन जाते. काय दिलं, किती दिलं, कधी सुरू केलं, त्रास कधी झाला, बंद केल्यावर कमी झाला का? मला हे विचारायला फार आवडतं. काम पोलिसांसारखंच, फक्त कुणाला पकडायचं नसतं.

दर बुधवारी दुपारी तीनला पाच जण कॉफी घेऊन बसतात आणि प्रत्येक फॉर्मवर ठरवतात, हा त्रास त्या औषधानंच झाला का. निश्चित, बहुधा, शक्य, संभव कमी, अशा पायऱ्या आहेत. आमच्या विभागप्रमुख डॉ. श्रीरंजनी बाईंचा एक नियम आहे. 'कोणी दिलं' हे विचारायचं नाही. ज्याच्या तोंडून 'कोणी' निघालं, त्यानं पुढच्या बुधवारी सगळ्यांना मेदुवडे आणायचे. पहिल्या दोन महिन्यांत मी चार वेळा आणले. आपल्या घरात 'कोणी' सोडून दुसरं काही कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे सवय जाता जाईना.

आता कामाचं. आज मी आपल्या संकेतची केस मांडली. जुनी केस, शिकण्यापुरती, नाव न घेता. त्याला विचारूनच केलं. तो म्हणाला, टाक, मलाही कळू दे. फॉर्मवर लिहिलं ते असं: मुलगा, वय चार, वजन तेरा किलो, सप्टेंबर २००३. लघवीच्या संसर्गानं ताप. जेंटामायसिनची इंजेक्शनं, रोज एक, पाच दिवस. महिनाभरात हाक मारली तरी वळेना. दोन्ही कान गेले, कायमचे.

त्या इंजेक्शनांची तुमची चिठ्ठी बाबांच्या कपाटात होती. नाव झाकून तिची प्रत जोडली. तुमचं अक्षर डॉक्टराचं वाटत नाही, स्वच्छ वाचता येतं. 'पाच दिवसांनंतर बंद. पुन्हा ताप आल्यास लघवी तपासल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये.' खाली दोन रेघा मारलेल्या.

समिती कोड्यात पडली. समितीतले मुरली सर म्हणाले, वजनाच्या मानानं मात्रा बरोबर आहे. पाच दिवसांत असं होतच नाही असं नाही, पण माझ्या गळी उतरत नाही. शेवटी 'शक्य' लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. मग बाईंनी सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. 'याखेरीज आधी किंवा नंतर दिलेली औषधं' असा तो रकाना. मी त्यात लिहिलं होतं, 'नाही'.

"तू विचारलंस?" बाई म्हणाल्या.

मी खोडायला पेन उचललं.

"ज्यानं विचारलंय त्यानंच 'नाही' लिहावं. विचारलं नसेल तर 'माहीत नाही' लिही. रिकामी जागासुद्धा मला चालते. न विचारता लिहिलेलं 'नाही' चालत नाही."

मी म्हटलं, विचारून सांगते. म्हणून हे पत्र. तुमच्या पाच इंजेक्शनांखेरीज संकेतला आणखी काही दिलं होतं का? आठवत असेल ते कळवा, एवढंच विचारायचं होतं.


गुरुवार, २० फेब्रुवारी

काका, वरचं पत्र पाकिटात घालून आठवडाभर पर्समध्ये हिंडवलं. टी. नगरच्या बसमध्ये चेंगरलं, मरीनावर नेऊन आणलं, पोस्टाच्या पेटीपाशीही दोनदा थांबले. टाकलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार होता तो. तो प्रश्न खोटा आहे. त्याचं उत्तर तुम्हाला माहीत असणं शक्यच नाही. ते मला माहीत आहे.

तुम्ही तेव्हा ट्रेनिंगसाठी सोलापूरला गेला होतात. तुमचं पाचवं इंजेक्शन होऊन तीन दिवस झाले आणि संकेतला पुन्हा ताप चढला. तुमचा फोन लागेना. आई रडायला लागली. बाबा मला म्हणाले, "काकानं दिलेली ती बाटली कुठंय?" तुम्ही मला भातुकलीसाठी रिकाम्या बाटल्या द्यायचात, रबरी बुचाच्या. मी त्यांत साखरपाणी भरून बाहुल्यांना पाजायचे. संकेतच्या इंजेक्शनाची बाटली माझ्या खोक्यात होती. धुतलेली, पण लेबल शाबूत. मी ती काढून दिली.

बाबांनी संकेतला खांद्यावर घेतलं, बाटली माझ्या मुठीत दिली आणि आम्ही गावाबाहेरच्या एका डॉक्टरांकडे गेलो. बाबा त्यांना म्हणाले, "हेच द्या. यानं गुण आला होता." त्यांनी तेच दिलं. रोज एक, आठ दिवस. दुसऱ्या दिवसापासून ताप उतरला, म्हणून बाबा मोठ्या विश्वासानं नेत राहिले. येताना मला म्हणाले, "काकाला बोलू नकोस हं. दुसरीकडे गेलो म्हणून त्याला वाईट वाटेल."

कारण एवढंच होतं, काका. पाप लपवायचं नव्हतं कुणाला. घरात डॉक्टर भाऊ असताना बाहेरच्याकडे गेलो, याचा संकोच होता.

मग महिन्यानं बाबा तुम्हाला म्हणाले, "तुझ्या सुईनं माझं पोर बहिरं केलं." मी दारात उभी होते. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंत. तुम्ही एकदा जरी भांडला असतात तर कदाचित मी बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पुढच्या महिन्यात तुमच्या दवाखान्याची पाटी उतरली. आई गेली, तीही हे मनात घेऊनच गेली.

काल मी फॉर्म दुरुस्त करून नेला. पाच दिवस, मध्ये तीन दिवसांची फट, मग आठ दिवस. एकूण तेरा. बाई म्हणाल्या, आता पटतं. 'शक्य'चं 'बहुधा' झालं. मुरली सरांच्या तोंडून सहज निघालं, "पण दुसऱ्यांदा कोणी..." आणि त्यांनी जीभ चावली. सगळे हसले. मला काही हसता आलं नाही.

नीट सांगते, कारण तुम्ही नीटच वाचाल. तुमच्या पाच इंजेक्शनांनी काहीच केलं नाही, असं समिती म्हणत नाही. थोड्या दिवसांत पुन्हा तेच औषध दिलं की धोका वाढतो, आणि तेराच्या बेरजेत तुमची पाच आहेतच. पण कुठं थांबायचं हे लिहून देणारे त्या सगळ्यांत एकटे तुम्ही होतात. यापेक्षा जास्त समाधान देता येत नाही. खोटं दिलं तर तुम्ही घेणार नाही.

बैठक संपल्यावर नागोजीराव पेले गोळा करत होते. विचारलं, "तें पोर तुमचं कोण लागतं?" मी म्हटलं, भाऊ. ते म्हणाले, "मग ज्यांस सांगायचं त्यांस सांगा, अम्मा. कागदास सांगून काय होतं?" आणि बेसिनकडे निघून गेले.


सोमवार, ३ मार्च

आधी संकेतला सांगितलं. तो पंचवीस वर्षांचा झाला, काका. पुण्यात एका ऑफिसात नकाशे काढतो, माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, आणि अत्यंत चोखंदळ खातो. आम्ही व्हिडिओवर हातांनी बोलतो. त्यानं सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, काकांना माहीत आहे का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाला, "माझे कान गेले म्हणून एका माणसानं डॉक्टरकी सोडली, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्हा सगळ्यांना तर ऐकू येत होतं ना?"

मग बाबांना फोन केला. तुम्हाला लिहितेय असं सांगितलं, काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते म्हणाले, "पोर जगावं म्हणून नेलं होतं मी." मी म्हटलं, मला माहीत आहे, बाबा. त्यांनी फोन ठेवला. नंतर मी तीन वेळा केला, तो उचलला नाही.

आज त्यांचं रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. आत पत्र नाही. एक जुनं कार्ड आहे, त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं. संकेतचं नाव, औषधाचं नाव, आठ तारखा, आठ खुणा. एकवीस वर्षं ते बाबांपाशी होतं. फाडून टाकायला एक मिनिट लागलं असतं, पण फाडलं नाही. मागच्या बाजूला ताज्या शाईनं लिहिलंय, 'अशोकला दे.' ते सोबत पाठवतेय. मूळ कार्डच पाठवतेय, प्रत माझ्यापाशी ठेवलेली नाही.

माफ करा असं लिहिणार होते, पण ते तुमच्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. तुम्ही रागवा, विचारा, उत्तर देऊ नका, काहीही करा. बाबा त्यांचं त्यांचं सांगतील किंवा सांगणार नाहीत. माझं मी सांगते. मी नऊ वर्षांची होते, हे कारण फार तर वर्षभर पुरलं असतं. मी ते एकवीस वर्षं वापरलं, काका, आणि तेवढी वर्षं तुम्ही सुई उचलली नाहीत.

तुमची पुतणी,
असं म्हणवून घ्यायला अजून चालत असेल तर,
अलकनंदा