आईच्या रेकॉर्डिंगची पूर्वतयारी

२ फेब्रुवारी, सकाळ

टॅब आला. दहा इंची. खोकं उघडताना माझा हात थरथरत होता असं हिचं म्हणणं. थरथरत नव्हता. प्लास्टिक निसरडं होतं.

उद्देश लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी (म्हणजे हीच) विचारलं तर उत्तर तयार असेल. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. उभा जन्म कानाला हेडफोन आणि समोर भोकाभोकांचा बोर्ड. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाला वायर खुपसून जोडून द्यायचा. तिच्याकडे काय काय आठवणी असतील! महिनाअखेरीला ताई येऊन तिला आपल्याकडे नेणार, कायमची. ताईचं घर तळमजल्यावर, आमचं चौथ्यावर, आणि आईचे गुडघे. लिफ्ट कंपनीत नोकरी करणाऱ्याच्या इमारतीत लिफ्ट नाही, यावर ताई दर वेळी नव्याने हसते.

तर ती जायच्या आत सगळं व्हिडिओत पकडायचं. व्यवस्थित. भागांमध्ये.

ही म्हणाली, फोनमध्ये कॅमेरा आहे ना तुमच्या? आहे. पण फोनने काढतात ते फोटो. हे काम वेगळं आहे. हिला सांगून उपयोग नाही.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

आई तयार होऊन बसली होती. केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून. टॅब चालू केला तर अपडेट मागू लागला. दिलं. मग म्हणे रीस्टार्ट. केला. मग आणखी एक अपडेट. आई भिंतीकडे बघत बसली होती. शेवटी मीच म्हटलं, उद्या करू. ती बरं म्हणाली आणि मटार सोलायला गेली.

एका परीने बरंच झालं. घाईत केलेलं काम घाईतलंच दिसतं.

४ फेब्रुवारी

स्क्रीनगार्ड घरी लावला. पट्टीने दाबून, श्वास रोखून. आत बुडबुडे राहिले. कन्या म्हणाली, बाबा, मत्स्यालय छान झालंय.

संध्याकाळी ॲक्सेसरीवाल्या बाईंकडे गेलो. कोपऱ्यावरचं दुकान, आत एकच माणूस मावेल एवढं, आणि तो माणूस त्या स्वतः. त्यांनी मान आणि खांद्यात फोन धरून कुणाशी तरी बोलता बोलता नवा गार्ड लावून दिला. एक बुडबुडा नाही. मग फोन ठेवून विचारलं, तुम्ही क्रिएटर का? मी हो म्हटलं. माणूस ओळखता येतो काही लोकांना. कव्हर घेतलं. स्टँडही घेतला.

७ फेब्रुवारी

स्टँडची मान लवचिक आहे, म्हणजे हवी तशी वळते. नको तशीही वळते. आईची दोन वाक्यं झाली, की टॅब हळूहळू खाली वाकायचा आणि तिच्या पायांचं चित्रीकरण सुरू व्हायचं. चार वेळा सरळ केला. पाचव्यांदा आई म्हणाली, अरे, त्याला झोप आलीय, राहू दे.

ती एक्स्चेंजमधल्या पहिल्या दिवसाचं सांगत होती. थांबवली. अर्धवट घेण्यात अर्थ नाही. म्हटलं, हेच पुढच्या वेळी अगदी असंच सांग. ती म्हणाली, असंच कसं सांगणार? आत्ता आठवलं तसं सांगितलं.

हा मुद्दा तिला नीट समजावून द्यायला हवा.

९ फेब्रुवारी, ऑफिस

टॅब ऑफिसला आणला. मी तक्रार विभागात. लिफ्ट बंद पडली की लोक आम्हाला फोन करतात. आज मुलाखत कशी घ्यावी यावरचे व्हिडिओ पाहायचं ठरवलं. एकाला एक लागत गेले. एक फारच उपयोगी. त्यातला माणूस म्हणतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, त्याचा शब्द न् शब्द प्या. हे वाक्य मागे नेऊन तीनदा ऐकलं.

मध्ये फोन वाजत होते. एक गृहस्थ कुठल्याशा मजल्यांच्या मध्ये अडकले होते आणि एकसारखे बोलत होते. तक्रार क्रमांक दिला, होल्डवर टाकलं. नाहीतर व्हिडिओतला महत्त्वाचा भाग सुटला असता.

साहेब मागून येऊन उभे राहिले. म्हणाले, काय चाललंय? मी म्हटलं, कम्युनिकेशन स्किल. ते मान हलवून पुढे गेले. प्रभावित झाले असावेत.

१२ फेब्रुवारी

घरी आलो तर टॅब बंद. बॅटरी पार रिकामी. चौकशीअंती कळलं, की आईने दुपारभर तिच्या बोर्डावरच्या जुन्या मैत्रिणीशी व्हिडिओ कॉल केला. कसा लावला? म्हणे, त्यात काय, नंबर होता, लावला. ही सांगते, दोघी म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

मला वाईट याचं वाटतं, की तेच सगळं कॅमेऱ्यासमोर यायला हवं होतं. माल असा वाया जातोय. पासवर्ड टाकला. अर्ध्या तासात तिने तो ओळखला. माझी जन्मतारीख. म्हणाली, दुसरी कुठली तारीख तुझ्या लक्षात राहणार?

पासवर्ड बदलला. नवा मला आठवत नव्हता म्हणून कन्येला विचारावा लागला. तिनेच टाकला होता.

१५ फेब्रुवारी

आवाज! इतके दिवस चित्राच्या मागे होतो आणि आईचं तर सगळं आयुष्य आवाजाचं. कॉलरला लावायचा माइक आणला. टॅबच्या भोकात बसेना. ॲडॉप्टर आणला. बसला, पण मग चार्जरला जागा उरेना. बाई म्हणाल्या, दोन तोंडांचं घ्या. घेतलं. दोन्ही तोंडं एका वेळी चालत नाहीत. बाई म्हणाल्या, मग वायरलेसच घ्या ना सरळ. घेतला. हे त्यांनी पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. पण मीही विचारलं नव्हतं, दोष कुणालाच नाही.

माझा खण उघडला की वायरींचा गुंता बाहेर येतो. ही त्याला माझा संसार म्हणते.

आईने आज विचारलं, करायचंय का काही? म्हटलं, रविवारी. नक्की.

१८ फेब्रुवारी

काल, रविवारी, उजेड कमी पडला. मग गोल दिवा आणला. लावला तर आईच्या चष्म्यात दोन पांढरी कडी. डोळे गायब. चष्मा काढ म्हटलं. म्हणाली, मग मी कुणाशी बोलतेय ते दिसणार नाही. म्हटलं, माझ्याशी. म्हणाली, तेच बघायला तर चष्मा लावते.

दिवा डावीकडे, उजवीकडे, कपाटावर, मग कपाटावरून खाली. खाली तो आपोआप आला. जोडून बघितला, पेटतोय अजून.

आई तोवर खुर्चीतच डुलकी घेत होती. तिचा चेहरा त्या उजेडात फार सुंदर दिसत होता. फोटो काढायला टॅब उचलला तर मेमरी फुल.

२१ फेब्रुवारी

मेमरी कशाने भरली? माझ्या चाचण्यांनी. प्रत्येकीत मी आहे. आईची खुर्ची, त्यात मी, आणि मी सांगतोय की मी आता आवाज तपासतोय. पुसायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून बघितल्या. सगळा दिवस गेला. डाव्या बाजूने मी बरा दिसतो, हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

आईचं त्यात काय आहे ते शोधलं. एके ठिकाणी तिचा हात दिसतो, पाण्याचा पेला ठेवताना.

२२ फेब्रुवारी, सकाळी ऑफिसला निघताना

ताईचा फोन. महिनाअखेरीची तिकिटं मिळेनात, सव्वीसलाच येते म्हणाली. संध्याकाळी पोचून लगेच रात्रीच्या गाडीने परत. मी म्हटलं, असं कसं, माझं शेड्यूल आहे. म्हणाली, कसलं शेड्यूल? तीन आठवडे काय करत होतास?

काही लोकांना पूर्वतयारी दिसतच नाही.

पायात चपला घालून तसाच परत आत गेलो आणि आईला म्हटलं, रविवार पक्का. ती आपल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हो म्हणाली. वर बघितलं नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

झालं!!

एका दमात! स्टँडला चिकटपट्टी बांधली, हलला नाही. दिवा खिडकीच्या बाजूने. माइक आईच्या कॉलरला. बॅटरी काठोकाठ. आई बोलत गेली आणि मी एकदाही अडवलं नाही. कॅमेऱ्यावरून नजर काढली नाही. एकदा फ्रेम किंचित डावीकडे कलली ती अशी हळूच सावरली, की तिला कळलंसुद्धा नाही. हा सराव असतो. ही पोळपाट घेऊन दारात आली ती तिथेच उभी राहिली. मधूनच डोळे पुसत होती. सर्दी असावी.

मग आई म्हणाली, झालं, एवढंच. आणि उठून गेली. मी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून दाखवणार. ताईला पाठवणार. तीन आठवडे काय करत होतास म्हणे.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

आवाज नाही.

आईचे ओठ हलतात. हात हलतात. खिडकीतला उजेड अप्रतिम आलाय. आवाज नाही.

माइक टॅबशी जोडलेलाच नव्हता. शुक्रवारी तपासायला माझ्या फोनशी जोडला होता, तो तसाच. आज फोन माझ्या खिशात होता. टॅब बाहेरच्या माइकची वाट बघत आपले कान झाकून बसला. मी जी हिरवी रेघ आवाजाची म्हणून समाधानाने बघत होतो ती बॅटरीची होती.

सगळे सोफ्यावर बसले होते. कन्या हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. आई म्हणाली, चेहरा चांगला आलाय हं माझा. आणि उठून दिवा लावायला गेली.

२५ फेब्रुवारी, सकाळ

बाईंकडे गेलो. दुकान उघडायच्या आधीच. फाइलमधला आवाज परत मिळेल का विचारलं. त्या म्हणाल्या, पुसलेलं परत आणता येतं. मुळात नसलेलं कुठून आणू? त्यांनी या वेळी काहीच विकलं नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. मी समोरच बसलो होतो. आठवून लिहून काढतो.

रात्रपाळी होती. बोर्डावर दिवा लागला. एक बाई होती लाईनवर. तिच्या घरात पाणी शिरलं होतं. किंवा आग. घरात ती एकटी. किंवा एकटी नव्हती, म्हणून तर. आईने मदतीचा फोन दुसऱ्या वायरीवर लावला आणि ही लाईन सोडली नाही, त्या बाईशी बोलत राहिली. काय बोलली? स्वयंपाकाचं काहीतरी. का, ते माहीत नाही. मग लाईनवर

इथे फ्रेम कलली होती.

ती बाई वाचली का?

२५ फेब्रुवारी, दुपार

हिला विचारलं. ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, तुम्ही तर पुढ्यात बसला होतात. म्हटलं, हो, पण मी तांत्रिक बाजू बघत होतो. लाटणं थांबलं. म्हणाली, मला नाही सांगता यायचं ते. त्यांनाच विचारा.

आईला विचारलं. म्हटलं, आता माइकबिइक काही नाही, फोनवर, पाचच मिनिटं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, नको रे आता. इतकी वर्षं पोटात होतं, सांगून मोकळी झाले.

ओठांवरून शब्द ओळखणारं एक ॲप मिळालं. आईचा व्हिडिओ त्याला दाखवला. त्याने लिहून दिलं: बाबा बाबा पापा मामा बाबा.

२६ फेब्रुवारी

आजही रजा. ताई संध्याकाळी पोचणार. दुपारी आईची बॅग दाराशी. टॅब बॅगेत घालत होतो, तिला मैत्रिणीशी बोलायला. तिने ठेवून घेतला. दिवा, स्टँड नको म्हणाली.

संध्याकाळी पलंगावर हात आपटून म्हणाली, बस जरा. मी बसलो. म्हणाली, माझं ऐकलंस, आता तुझं सांग.

म्हटलं, माझं काय? म्हणाली, ऑफिसचं सांग. इतकी वर्षं जातोस, कधी बोलला नाहीस. तूही फोनवरच बसतोस ना?

सांगायला लागलो. म्हटलं, लिफ्ट अडकली की माणूस फोन करतो. मी नाव-पत्ता घेतो, तक्रार क्रमांक देतो, पुढे पाठवतो.

ती माझ्याकडे बघत होती. चष्मा लावून. मध्ये एक अक्षर बोलली नाही. इतकं कुणी माझं ऐकल्याचं मला आठवत नाही. आणखी काहीतरी सांगावंसं फार वाटलं, पण संपलं होतं.

तिने विचारलं, मग तो माणूस सुटतो ना?

म्हटलं, सुटत असणार.

तू विचारत नाहीस?

म्हटलं, ते डिपार्टमेंट वेगळं आहे.

मग म्हणाली, आणि तोवर? आत अंधारात असतो तोवर त्याच्याशी कोण बोलतं?

म्हटलं, कोणी नाही. होल्डवर असतो. संगीत लागतं.

कुठलं? आईने विचारलं.

मी कधी ऐकलं नव्हतं. तिला तसं सांगणार, तेवढ्यात खालून ताईची हाक आली, आणि आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली.