मावशीचे धवले

मंगळवार, तिन्हीसांज

संगणक आजही सुरू झाला नाही. पंखा फिरतो, एक लांब बीप येतो, पडदा काळाच. दसऱ्याला आईने त्याची पूजा केली होती. झाकण उघडलं तर जाळीतून आत गेलेलं ओलं हळदीकुंकू सुकून चिकटलेलं. ब्रशने काढलं, मेमरीची पट्टी खोडरबराने घासून परत बसवली. पुन्हा तोच बीप. आता हार्ड डिस्कही कटकट वाजते आहे. आणखी किती वेळा बटण दाबू? मावशीचा आवाज फक्त तिथेच आहे. ती लग्नात धवले गायची. गेल्या पावसाळ्यात गेली. उद्या तिच्याच नातीची हळद, आणि सगळं चौल पालथं घालूनही धवलारीण मिळाली नाही.

आई दारात आली. "व्हतंय का रं?"

"नाही. तूच गा ना. इतकी वर्षं तिच्याबरोबर गायलीस."

"मी मागून म्हनायची. तिनं ओळ टाकली का मी उचलायची."

"म्हणजे सगळे येतात तुला."

"येतात की. पन पयली ओळ कोन टाकंल?"

म्हटलं, सुरू तर कर. ती खाली बसली, डोळे मिटले, ओठ उघडले. आवाज नाही. ती मावशीची वाट बघत होती.