गडी सातला कोणी ओळखत न्हाई

२ जानेवारी २०२३, लातूर

पंचायत समितीतून चार महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर. साहेबांनी अर्ज न वाचताच सही केली, एवढा विश्वास. बायको सिंधु अहमदपुरात राहील, मी इथं सर्वेशच्या खोलीवर. ध्येय एकच: पोराची नीटची परीक्षा. तो अभ्यासाला बसला की मी समोर खुर्ची टाकून बसणार. बराच वेळ पान उलटलं न्हाई तर विचारणार, काय अडलं.

९ जानेवारी

खुर्ची चालू हाय. सर्वेश आज तीनदा म्हणाला, पप्पा, जरा फिरून या. पोरगं माझ्या तब्येतीची काळजी करून राहिलं. मी जागचा हललो न्हाई.

१५ जानेवारी, दुपार

घात! सर्वेशचा जुना टॅब टेबलावर सापडला. उघडा, पासवर्ड न्हाई, वर गेम चालू. चौकोनी ठोकळ्यांचं जग. खोदा, बांधा, पेरा. पोरांनी त्यात आपल्या मनानंच एक चॅलेंज काढलंय. सगळ्यांना एकच चेहरा, नाव न्हाई, नुसता नंबर: गडी एक, गडी दोन. मिळून गाव वसवायचं, पण आपण कोण ते सांगायचं न्हाई. ज्याला ओळखलं तो बाद. चुकीचं ओळखलं तर ओळखणारा बाद. मेसवरचा उदगीरचा विरूपाक्ष ह्याचा म्होरक्या, म्हणजे गडी एक, तेवढाच उघड.

सर्वेशला विचारलं. म्हणाला, मी कशावर खेळू, माझ्याकडं बटनाचा फोन हाय. असं म्हणतोय म्हणजे नक्की खेळतोय, दुपारी क्लासात कोणाच्या तरी फोनवर.

गडी सातची जागा रिकामी दिसते. ठरलं. गुपचूप घुसायचं, सर्वेशला ओळखायचं, बाद करायचं. जास्तीत जास्त दोन दिवसांचं काम.

१७ जानेवारी

घुसलो. भाषेची तयारी करूनच गेलो होतो. पहिला मेसेज टाकला: सर्व गड्यांना नमस्कार. मीही आपल्यासारखाच विद्यार्थी आहे, ब्रो. कळावे.

कोणालाच शंका आली न्हाई. सगळ्यांनी हसरी तोंडं पाठवली. मनमिळाऊ पोरं हायत.

२३ जानेवारी

पोराचा शोध घ्यायचा तर आधी गावात बस्तान पाहिजे. म्हणून दगडाचं घर बांधलं. दोन मजली, कमान बिमान. बाज मात्र आत न्हाई टाकली. पुढं शेड काढलं. पत्रा ह्या गेममध्ये मिळत न्हाई, म्हणून लोखंडी झडपा आडव्या टाकल्या. त्र्याण्णवला विसर्जनाच्या रात्री औशाकडं आमच्या गावात भूकंपानं जे झालं, तेव्हापासून दगडाखाली आपण अंग टाकत न्हाई. गेम असला म्हणून काय झालं.

गडी दोननं विचारलं, भावा, एवढा बंगला सोडून बाहेर का झोपतो, इथं अंधारात भुतं येतात. लिहिलं, हवेशीर वाटते, ब्रो. वेळ मारून नेली.

३० जानेवारी

सापडला!! गडी चार. गावाच्या वेशीपाशी घर, घरापुढं शेड, शेडात बाज. पोरांपैकी कोण असं करतंय? अहमदपुरात स्लॅबचं घर हाय, तरी आमच्या तिघांच्या बाजा पुढच्या पत्र्याखालीच. रक्त बोलतंच. डोळ्यांत पाणी आलं.

उद्या बाद करतो.

३१ जानेवारी

आज न्हाई. गहू काढणीला आलाय.

८ फेब्रुवारी

बाद करायचं जरा लांबवलंय. त्याला कारण हाय. गडी चार रोज दुपारी माझ्या दारात भाकरी ठेवून जातो. गेममध्ये तिला ब्रेड म्हणतात, पण ठेवण्याची रीत भाकरीचीच. खोलीत हे पोरगं हूंच्या पुढं बोलत न्हाई, अन् इथं बापाला ओळखत नसताना जेवू घालतंय.

आडून विचारलं, केमिस्ट्री झाली का? उत्तर आलं, अवो, आधी तुमच्या गव्हात गुरं शिरलीत ती बघा. अनोळखी माणसालासुद्धा अवो-जावो करतोय. वळण लावलं ते वाया गेलं न्हाई.

हे सांगायला सिंधुला फोन केला. उचलत न्हाई. हल्ली दुपारी कधीच उचलत न्हाई. मालिकेचा नाद लागलाय तिला. एकदा बोलायला पाहिजे.

१९ फेब्रुवारी

सर्वेशचे टेस्टचे मार्क चढले. मागच्या रविवारी बी चढले होते. दुपारभर गेम खेळून मार्क चढतात, म्हणजे माझ्या गुप्त देखरेखीचाच हा परिणाम. खुर्चीवर बसणं मात्र होत न्हाई. त्यात मला सरपंच केलं. बिनविरोध.

५ मार्च

गडी तीन मला आज काका म्हणाला. लगेच सॉरी भावा म्हणाला. हल्लीची पोरं एकमेकांना काहीही म्हणतात. आमचा एक दोस्त नववीत असताना आम्ही त्याला आजोबा म्हणायचो.

२६ मार्च

परीक्षा जवळ आली म्हणून उद्या चॅलेंजचा शेवट. ज्याला ओळखायचं त्यानं उद्याच ओळखावं. मी बोलणार. नुसतं बाद करायला न्हाई, आता मला त्याला सांगायचंय, की बाबा, मी पण हितंच होतो, तुझी भाकरी खात होतो.

२७ मार्च

सगळ्यांसमोर लिहिलं: गडी चार म्हणजे चि. सर्वेश, माझा मुलगा. कळावे.

गडी एकनं लिहिलं, चूक. गडी सात बाद.

तेवढ्यात फोन वाजला. सिंधु. म्हणाली, अवो, गडी चार मी हाय.

मी म्हणलं, काय?

मग सगळं बोलली. जानेवारीत सर्वेशनं मेसवर विरूपाक्षच्या फोनवरून तिला रडत फोन केला होता. पप्पा समोर बसले की वाचलेलं डोक्यात राहत न्हाई, पान उगंच उलटावं लागतं. तिनं विरूपाक्षला सांगितलं, ह्यांना कशात तरी गुंतवा. टॅब टेबलावर मुद्दाम ठेवला होता. सर्वेश त्या गेममध्ये एक दिवस बी नव्हता. मला सगळ्यांनी पहिल्याच कळावेला ओळखलं होतं. बाद कोणी केलं न्हाई, कारण बाद झालो असतो तर परत खुर्ची टाकली असती.

विचारलं, अन् ती भाकरी? म्हणाली, मेसचं तुमच्या अंगी लागत न्हाई, निदान तिथं तरी.

गॅस बघतो म्हणून फोन ठेवला. खोलीत गॅस न्हाई.

२९ मार्च, एसटी स्टँड

बराच विचार करून मी स्वतःच निर्णय घेतला: पोराच्या हितासाठी आपण अहमदपूरला जावं. त्याला एकट्यानं अभ्यास करायची सवय लागली पाहिजे, हे माझं आधीपासूनचं मत हाय. सांगितल्यावर सर्वेश थोडा आग्रह करेल वाटलं होतं. त्यानं वाकून नमस्कार केला, गळ्यात पडला, म्हणाला, पप्पा, टॅब तुम्हीच ठेवा, तिथल्या शेतात आईला एकटीला जमणार न्हाई.

पिशवी उघडून बघितली. चार्जर आधीच घातलेला होता.