बाबांचा डावा पाय

ओसाका, १९५२

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय. मी बरा आहे. वखारीतलं काम अंगवळणी पडलंय, खोकलाही आता फारसा नाही. तुझे गुडघे कसे आहेत? यंदा रताळी तरी धरली का?

रविवारी इथल्या कराटेच्या शाळेत गेलो होतो. पांढरे कपडे, रंगीत पट्टे, पोरांच्या रांगाच रांगा, आणि सगळे आकडे ओरडताहेत! आपल्या शुरीच्या घराच्या अंगणात बाबा एका वेळी एकालाच शिकवायचे, तेही न बोलता. मला हसूच आलं.

मग पोरांनी बाबांचा कता, तोच ठरलेल्या हालचालींचा क्रम, सुरू केला. वळताना सगळ्यांनी डावा पाय फरफटवला. लाकडी जमिनीवर बाबांच्या पावलांचा तोच आवाज झाला.

तिथले गुरुजी म्हणाले, "ही शुरीची गुप्त चाल. लढाईआधी मी थोरल्या गुरूंकडून शिकलो. जमायला दोन वर्षं लागतात."

थोरले गुरू म्हणजे आपले बाबाच, आणि गुप्त कसली, आई! वादळाआधी छपराची कौलं बसवताना बाबा पडले, तेव्हाचं ते लंगडणं. तू म्हणायचीस, "गावाला लोळवता आणि स्वतः कौलावरून घसरता!"

खरं सांगायला तोंड उघडलं, पण "परत एकदा करा ना," एवढंच म्हणालो.

काका लिहितात, लढाईत गेलेल्या बाबांच्या अस्थी मिळाल्या नाहीत म्हणून त्यांच्या जागी कलशात खडा ठेवायचा, तर तू ठेवू देत नाहीस. अजून दाराशी त्यांच्या पावलांची चाहूल घेत बसतेस.

ती पावलं मी ऐकली, आई. आता खडा ठेव.

तुझाच,
सेइतोकु