खैरगडचा सातवा भाग

१२ नोव्हेंबर २०२४

घेतली! बसवराज आप्पांनी शेवटी मालिका घेतली!

डायलिसिस सुरू झाल्यापासून माणसाचं मनच उडालंय. येतात, पुस्तक चाळतात, ठेवून जातात. कार्ड नंबर ४१ — ताडकळसच्या आमच्या वाचनालयातलं सगळ्यात जुनं चालू कार्ड. एसटीत कंडक्टर होते तेव्हापासूनचं. बाकी लोक इथे पेपर वाचायला येतात, पोरं भरतीच्या परीक्षेची पुस्तकं मागतात. गोष्टी वाचणारा माणूस हा एवढा एकच उरलाय.

आज मी हट्टालाच पेटले. म्हटलं, 'खैरगड' घ्या. सात भाग आहेत. निजामाच्या काळातला किल्ला, सात दरवाजे, एकेका भागात एकेक उघडतो. इतिहास आहे, जादूही आहे. दहा मिनिटं बोलत होते, तेही हातवारे करून! नंतर माझी मलाच लाज वाटली.

आप्पा चष्म्यावरून बघत राहिले. "जादूटोण्याचा लय नाद न्हाई मला, माय. पण तुमी येवढ्या हौसेनं सांगायलाव तर द्या."

पहिल्या सहा भागांची पानं सुटली होती, म्हणून दिवाळीआधीच बाइंडिंग करून आणले. जुन्या चिठ्ठ्या त्यात गेल्या, मागे कार्ड नंबर आणि तारीख लिहायची नवी कोरी चिठ्ठी डकवली. पहिल्यावर पहिला नंबर आप्पांचाच पडला. सातवा धड होता, तो कपाटात तसाच आहे.

१९ नोव्हेंबर

मंगळवार, आप्पांचा ठरलेला वार. पहिला परत, दुसरा नेला. जाताना म्हणाले, "त्यो हकीम मरत न्हाई, बगा." आणि हकीम विष पितो ते चौथ्या भागात! कसं ओळखलं? कंडक्टर माणूस — कोण कुठे उतरणार हे चढतानाच कळत असेल.

३ डिसेंबर

आप्पा तिसरा घेऊन गेले आणि मागोमाग त्यांची नात ईश्वरी एकटीच परत आली. दारातच उभी राहिली.

"ताई, आजोबा डायलिसिसला परभणीला जायलाच तयार न्हवते. सोमवारी सुया, गुरुवारी सुया, लय कटाळले होते. आता पुस्तक घेऊन जायलेत. म्हणले, हे सात भाग संपस्तोर येतो. मग मला कुणी तरास द्यायचा न्हाई."

सांगताना हसत होती. मग रडायला लागली. तिला पाणी दिलं.

सात भाग. मला वाटलं होतं लांबलचक मालिका देतेय. आज कपाटापुढे उभी राहिले तर वीतभर दिसली.

१७ डिसेंबर

चौथा परत. फार भराभर वाचतात. चिडलेच मी — "आप्पा, जरा सावकाश वाचा ना!"

"गाडी लेट करायची सवय न्हाई, माय."

७ जानेवारी २०२५

सहावा परत आला. हात पुढे करून उभे राहिले. सातवा माझ्या पाठीमागच्या कपाटात, दोन हातांवर.

म्हटलं, "बाहेर गेलाय. सुलाबाई म्हणून आहेत, त्यांनी नेला."

सुलाबाई नावाची वाचकच नाही! ते गेल्यावर रजिस्टरात तिची नोंदही केली. ग्रंथपाल होऊन सहा वर्षं झाली, पहिली खोटी नोंद.

आप्पा रागावतील वाटलं होतं. तर म्हणाले, "वाचू द्या तिला निवांत. घाई कोणाला हाय!"

२१ जानेवारी

"आला का सातवा?"

"नाही."

"बरं."

आणि परभणीला जातायत. मुकाट्याने जातायत, ईश्वरी म्हणाली. मी बरोबर करतेय ना?

११ फेब्रुवारी

ईश्वरीने स्कूटीवर आणलं. पाय सुजलेले, चपलेत मावत नव्हते. खुर्चीत टेकले आणि आधी तेच — "आला का?"

"नाही, आप्पा."

"मग गुरुवारी जावंच लागतंय की!"

मोठ्याने हसले. मी कपाटाआड जाऊन डोळे पुसले.

४ मार्च

आज आवाजच निघत नव्हता. नुसत्या भुवया उंचावल्या. मी मान हलवली — नाही.

काय करतेय मी? जन्मभर वाचलेल्या माणसाला गोष्टीचा शेवट नाकारतेय. हे प्रेम नाही, चोरी आहे. बस झालं. परवा परभणीहून आले की घरी जाऊन हातात देणार. पाया पडून खरं सांगणार.

६ मार्च

आप्पा गेले. आज सकाळीच, परभणीच्या गाडीला निघायच्या आधी. पिशवी भरून तयार होती म्हणे.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवून ठेवलं होतं. गळ्यात हार, कपाळाला भस्म, चष्मा तेवढा नव्हता. बसलेला माणूस गेलाय असं वाटतच नाही. वाटलं, आता हात पुढे करतील — आला का?

सातवा भाग माझ्या पर्समध्ये होता. जवळ ठेवावा असं फार वाटलं. पण चार लोकांत धीर झाला नाही. समाधीच्या खड्ड्यात बसवलं, बेलाची पानं वाहिली, माती लोटली. पुस्तक माझ्याजवळच राहिलं.

मी त्यांना शेवट वाचू दिला नाही. हे आता फिटायचं नाही.

७ मार्च

वाचनालय उघडलं नाही.

११ मार्च

मंगळवार. सातवा जागेवर लावायला काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचं शेवटचं पान उघडलं. जुनी चिठ्ठी, आधीच्या ग्रंथपालांचं अक्षर. त्यावर एकच नंबर, दोनदा.

४१ — मे २००९.
४१ — जून २०१४.

शेवट त्यांना ठाऊक होता! तरी दर मंगळवारी सुजल्या पायांनी यायचे, विचारायचे — आणि मी 'नाही' म्हटलं की खूश व्हायचे.

जगायचं होतं त्यांना.