कडी वाजली म्हंजी मंजूर

ता. ९ जानेवारी ७३, मंगळवार
सकाळी इहिरीवर गेले. खालची पायरी उघडी पडली. लग्न होऊन आल्यापासनं ही पायरी कधी बघितली नव्हती. वर बघते तर थो.चा गडी दोरी धरून माप घेतोय, इहिरीपासनं त्यांच्या मोसंबीपर्यंत. मला म्हनला, "काय न्हाई काकी, आसंच." आसंच कोन उन्हात दोरी धरून हुबं ऱ्हातं?

(थोरल्या दिरांचं नाव घ्यायचं न्हाई, लिहायचं बी न्हाई, म्हनून थो. पाप लागलं तर अर्धंच लागंल.)

इहीर ट्रस्टची. ह्यांनी मुलींचं बोर्डिंग काढलं, इहीर त्याच्या नावानं केली, आन जाता जाता अध्यक्ष मला करून गेले. जन्मभर माझी चेष्टा केली, ही शेवटची.

१४ जाने., रवि. संक्रांत
पोरींनी तीळगूळ दिला. गूळ कमी, तीळ त्याहून कमी, बाकी सगळं गोड बोलनं. मी म्हनलं, ह्यो फोडायला दुष्काळी कामावरचा हातोडा आना. लई हसल्या.

कमळ हसली न्हाई. सातवीची हाय, परीक्षेला बसायची. म्हनली, "काकी, बोर्डिंग बंद व्हनार का? बापानं पाव्हनं बघून ठिवलंय. मी घरी गेले की संपलं."
"कोन म्हनतं बंद व्हनार?"
"सगळं गाव म्हनतंय."
सगळ्या गावाला ठाऊक, अध्यक्षाला न्हाई.

दुपारी जाऊबाई आल्या. खरं हाय म्हनल्या. थो. बैठकीत मांडनार: दुष्काळ हाय, पानी पुरंना, पोरी घरी धाडा. मग पाइप टाकून पानी मोसंबीला. "रागं भरू नगं. जेवत न्हाईत गं ते. झाडाखाली बसून ऱ्हात्यात. पानं गळाली की उचलून बघत्यात." म्हनताना त्यांचेच डोळे भरले. झाडं थो.नी पोरावानी वाढवली, हे बी खरंच. पन पोरी बी कुनाच्या तरी पोरीच की.

१७, बुध.
मास्तर आले. साळवे मास्तर, थो. आन माझ्यासंगं तिसरे ट्रस्टी. मिशनच्या शाळेतनं रिटायर. देवळात जात न्हाईत पन थो.ला देवापरीस जास्त भितात, मास्तरांचा पोरगा थो.च्या दुकानावर हाय म्हनून. दारात हुबं राहून म्हनले, "बाई, तुमी न्हाई म्हनलात तर माझा हात तुमच्या बाजूला. पन आधी तुमी."
"आन तुमी आधी म्हनलात तर?"
"मी भित्रा मानूस हाय, बाई."
मी म्हनलं, या बसा मग, दोघं मिळून भिऊ.

पन न्हाई म्हनायचं कसं? थोरल्या दिरापुढं मी बोलत न्हाई. तीस वर्सं झाली. बैठक सोप्यात, मी आत दाराआड. थो. ठराव वाचत्यात, मी दाराची कडी वाजवायची. वाजली की मास्तर लिहित्यात, "मंजूर". ही पद्धत थो.नीच घातली. न्हाईसाठी काय वाजवायचं ते कुनी ठरवलंच न्हाई. कधी लागलंच न्हाई.

एकदा चाळन काढताना हात लागून कडी वाजली. बोर्डिंगला तांबडा रंग मंजूर. अजून तांबडंच हाय.

२० जाने.
झोप न्हाई. भाकरी दोनदा करपली. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची, करपली तरी कळंना कुनाला. हात सारखा थरथरतोय. उद्या बैठकीत कडीजवळ बसल्यावर थरथरला तर? मी भ्याले म्हनून पोरी घरी जातील. फडकं घेतलं न कडीला गच गुंडाळलं. आता भूकंप झाला तरी वाजायची न्हाई.

२१, रवि.
झालं. लिहिते जमंल तसं.

थो.नी ठराव वाचला. आवाज नेहमीचा, देवळातल्या पोथीवानी. बाहेर कोंबडी आरडत हुती तेवढीच.
थो.: "मास्तर, वाजली का?"
मास्तर: "न्हाई वाजली."
थो.: "आत सांगा, वाजवा म्हनावं."
मी फडक्याकडं बघत बसले.
थो.: "बरं. लिहा मंजूर. बाईमानूस गप बसलं म्हंजी व्हयच की."
मास्तरांचा पेन कागदावर टेकलेला दिसला मला, फटीतनं.

कसं झालं ठाऊक न्हाई. "मास्तर, लिहू नका. मला मंजूर न्हाई." आवाज माझाच, पन चिमनीवानी.

मग थो. म्हनले, "आत कोन बोललं?"
चेष्टा न्हवती. त्यांनी माझा आवाज कधी ऐकलाच न्हवता. एका आंगनात तीस वर्सं.

मास्तरांनी हात वर केला न्हाई. पेन खिशात घातला तेवढं मातर बघितलं. थो. उठले. "दाराआडचा आवाज कुनाचा ते आमाला काय म्हाईत. अध्यक्ष असतील तर खुर्चीवर बसून, तोंडासमोर सांगावं. पुढच्या रविवारी. बोर्डिंगच्या पटांगनात. गाव बसंल."

२३, मंगळ.
इहिरीचा दोर कापलेला. अर्धा पान्यात. कुनी कापला? मोसंबीवाल्यानं म्हनावं तर पुरावा न्हाई. न म्हनावं तर धीर न्हाई. माझी दोन जुनी लुगडी पिळून दोर केला. कमळ म्हनली, "काकी, तुमचं लुगडं इहिरीत." मी म्हनलं, अध्यक्षाला सगळीकडं जावं लागतं.
हसले खरी. पन परत येताना दोनदा मागं वळून बघितलं.

२६, शुक्र.
झेंडा झाला. पोरींनी गानं म्हनलं. थो. आले न्हाईत, दरवर्सी तेच दोरी ओढत्यात. मास्तरांनी ओढली, गाठ सुटंना, मग सुटली.

जाऊबाई सांगून गेल्या: तू खुर्चीवर बसलीस, त्यांच्यासमोर तोंड उघडलंस, तर आमच्या घरातनं तुझ्याकडं ताट येनार न्हाई न तुझं जानार न्हाई. लग्नाला न्हाई, मयताला न्हाई. "मला बी यायची बंदी घातलीय. आज चोरून आले." जाताना माझा हात धरून बसल्या. म्हनल्या न्हाईत, खुर्चीवर बस म्हनून. नको बसू, असं बी म्हनल्या न्हाईत.

मयताला न्हाई. हे मनातनं जात न्हाई. मला पोर न्हाई, बाळ न्हाई. उचलायला कोन?
ह्यांच्या फोटूला इचारलं. हसत हुते. फोटूत सदा हसतच असत्यात, तवा त्यावरनं काय कळत न्हाई.

२८, रवि.
पोरींनी खुर्ची काढली, ह्यांची, उंच पाठीची. माझ्या दारासमोरच्या पटांगनात नेऊन मधोमध ठिवली. सतरंज्या पसरल्या. समोर गावाची मानसं बसायला लागली. मास्तर आले, कोपऱ्यात. आज पेन दोन आनलेत.

मानसं यायच्या आधी एकदा बसून बघितलं हुतं. पाय जमिनीला लागत न्हाईत. लोंबकळत्यात लहान पोरीवानी. उठले, परत घरात आले. कमळ म्हनली, "पाट ठिवू का पायाखाली?" ठिव म्हनलं.

कडीचं फडकं सोडलं. कडी हलवून बघितली. वाजती अजून, चांगली.

पदर डोईवर घेतला. किती पुढं घ्यायचा? नेहमीएवढा घेतला तर समोरचं दिसंना. मागं सारला तर सगळ्यांना मी—

थो. आले. चपला ओळखू येत्यात. दाराशी येऊन हुबे राहिले. मास्तरांना न्हाई, कुनाला न्हाई, थेट दाराला म्हनत्यात,
"अध्यक्ष हायत का घरात?"

पयल्यांदाच. मला इचारत्यात.
एक हात कडीवर हाय. पाट ठिवलाय पोरींनी. इथनं दिसतोय.