तिसरा खड्डा

लातूर,
१८ मे १९८६

प्रिय संघमित्रा,

तुझं पत्र मिळून दहा दिवस झाले. भूमितीचा पेपर बरा गेला हे वाचून जीव भांड्यात पडला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला.

इकडे उन्हानं कहर केलाय. आमच्या गल्लीत टँकर एक दिवसाआड येतो. नवा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, कचेऱ्यांवर पाट्या लागल्या, पण नळाला पाणी नाही. तुमच्याकडे कंधारच्या बाजूलाही तेच चाललं असेल. तुझी आई पाण्याला किती लांब जाते? तिला म्हणावं, दोन घागरी एकदम उचलू नकोस.

तू वसतिगृहाबद्दल विचारलं होतंस. खिडकीजवळची खाट मिळेल का, असंही लिहिलं होतंस. ते वाचून मी पत्र घडी घालून बाजूला ठेवलं. का, ते सांगते. जरा पहिल्यापासून सांगावं लागेल.

गेल्या ऑक्टोबरात लातूरबाहेरच्या माळावर त्या मुलींच्या वसतिगृहाची जागा तपासायचं काम माझ्याकडे आलं. इमारत बांधायच्या आधी खाली काय आहे ते बघावं लागतं. आपल्याकडची काळी माती फार लबाड. दुष्काळात दगडासारखी होते, भेगा पडतात, आणि पाणी पिलं की फुगते. म्हणून चाचणीचे खड्डे खोदायचे, मुरूम किती खोल लागतो ते मोजायचं, आणि पाया तिथपर्यंत न्यायचा. आम्ही चार कोपऱ्यांना चार खड्डे घेतले. तीन खड्ड्यांत सात फुटांवर मुरूम लागला, पिवळा, टणक. पण तिसरा, पूर्वेच्या कोपऱ्यातला, त्यात अकरा फूट गेलो तरी मुरूम नाही. नुसती भुसभुशीत माती, राख, कौलांचे तुकडे. पहार मारली तर लोण्यात सुरी जावी तशी गेली.

खोदणाऱ्या बायकांत गुणाबाई म्हणून एक म्हातारी होती, त्याच शिवारातली. ती काठावर बसली आणि म्हणाली, “बाई, हितं हीर व्हती. बहात्तरच्या दुष्काळात आटली, त्यात म्हैस पडून मेली, मंग मालकानं उकिरडा टाकून बुजिवली. म्या सोता पाट्या टाकल्यात.”

मी तशीच धुळीनं माखलेली आमच्या बांधकाम खात्यातल्या साहेबांकडे गेले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, हे आधी लिहिते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, इमारत सरकवायची तर नकाशा नवा, मंजुरी नवी. मार्चच्या आत काम सुरू झालं नाही तर निधी परत जाईल आणि हे वसतिगृह पुन्हा कधी होईल ते सांगता येत नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, “बघा, तुम्हीच ठरवा. सही तुमची आहे.”

त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नाही. मी घरी आले, तक्ता भरायला घेतला, आणि तिसऱ्या खड्ड्यापुढे सात फूट असं लिहिलं. माझ्या हातानं. अक्षरही अगदी वळणदार आलं.

तेव्हापासून मला नीट जेवण गेलं नाही गं. जानेवारीत काम सुरू झालं, भिंती वर आल्या. मी रोज मनाला समजावत होते की दुष्काळात जमीन बसते कशाला, चौदा वर्षांत भराव दबला असेल. एप्रिलमध्ये बांधकामावर पाणी मारायला गुणाबाईच आली. एका दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाली, “ह्या कोपऱ्याला पाणी लई लागतंय बाई. टाकलं की गडप!” मी वाकून पाहिलं. जोत्याच्या वर, विटांत, केसाएवढी तिरपी चीर होती.

चीर वाढतेय का हे बघायचं असेल तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवतात. भिंत हलली तर काच तडकते. मी पट्टी लावली आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बघू लागले. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी पट्टीचे दोन तुकडे झाले होते. त्याच कोपऱ्यात वर-खाली मिळून आठ खोल्या होणार होत्या. बत्तीस मुली. एखाद्या पावसाळ्यात जमीन पाणी प्याली असती तर काय झालं असतं, हे लिहायलासुद्धा माझा हात धजत नाही.

त्याच दिवशी मी अर्ज लिहिला. तिसऱ्या खड्ड्याची खोली मी खोटी लिहिली, तिथे बुजवलेली विहीर आहे, काम थांबवावं. साहेबांनी दोनदा वाचला. “तुम्हाला कळतंय का तुम्ही काय लिहून दिलंय?” म्हणाले. मी हो म्हणाले. बराच वेळ त्यांनी कागद हातात धरला. मला वाटलं, परत देतील, आणि खरं सांगते, दिला असता तर कदाचित मी घेतलाही असता. पण त्यांनी आवकचा शिक्का मारला.

मागच्या आठवड्यात वरचे अधिकारी आले. कोपऱ्याशेजारी पुन्हा खोदलं. चौदा फूट खाली जाईतो विहिरीची गोल दगडी बांधणी उघडी पडली. गुणाबाई तिथेच उभी होती, तिनं पदरानं तोंड पुसलं. आता ती बाजू पाडायची आहे आणि वसतिगृह या वर्षी काही सुरू होत नाही. मला परवापासून निलंबित केलंय. चौकशी होईल. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही.

आता हे सगळं तुलाच का लिहितेय ते सांगते. तुझ्या बाबांनी, ज्ञानोबादादानं, गेल्या उन्हाळ्यातच मला म्हटलं होतं, वसतिगृह मिळालं तर पोरगी अकरावीला जाईल, नाही तर बघू. त्या ‘बघू’चा अर्थ तुलाही कळतो, मलाही कळतो. मुखेडचं स्थळ अजून थांबून आहे. तक्ता भरताना माझ्या डोळ्यांपुढे तुझी अकरावी होती, संघमित्रा. त्या कोपऱ्यात झोपणाऱ्या बत्तीस मुलींत तूही असशील, हे मला तेव्हा सुचलं नाही. दोष तुझा नाही, तो संपूर्ण माझा आहे. गावात कुणी म्हणालं की तुझ्या आत्याला खोटं लिहिल्याबद्दल घरी बसवलं, तर मान खाली घालू नकोस. खरं आहे म्हण. दादा म्हणायचा, तुझ्याकडे ठेवावी तर तू दिवसभर कामावर, पोरीकडे कोण बघणार? आता मी दिवसभर घरीच आहे. एकच खोली आहे, दोघींना पुरेल. येत्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी येतेय, दादाशी समोर बसून बोलायला. तो चिडेल, चिडू दे. पण त्याआधी तू मनाशी ठरव, खोटं लिहिणाऱ्या या आत्याबरोबर राहशील का? राहणार असशील तर कपडे बांधून ठेव. नसशील, तरी मी येणारच आहे.

तुझीच,
पंचशीला आत्या